गणंग

सहावीच्या वर्गाला मी अथेन्स शिकवते.
बाहेर व्हरमाँटचा मार्च, बर्फ वितळून रस्त्याचा राडा,
दाराशी सव्वीस बूट, चिखलाने सगळे एकाच रंगाचे.

तिथे मंडळावर माणसं दाण्यांनी निवडत, सांगते.
पांढरा निघाला, की वर्षभर तू सरकार.
काळा निघाला, की घरी जा, शेळ्या राख.
दाणे माझ्या स्वयंपाकघरातले:
पांढरी चवळी, काळा घेवडा, एका लोकरीच्या टोपीत.

कॅलेबला काळा येतो. "पुन्हा काढतो," म्हणतो.
पुन्हा नाही. सगळी गंमत त्या नाहीतच आहे.
प्रुडन्स हात टोपीत घालून थांबते:
"पण मला काढू दिला असता का?"
नाही.
"आणि तुम्हाला, मिस टिळेकर?"

फळ्यावर लिहिते: मेटिक.
शहरात राहणारे, शहराचे नसलेले.
मडकी घडवत, गलबतं भरत, बोलावलं तर लढत,
आणि राहण्याबद्दल कर देत: वर्षाला बारा द्राख्मा,
एकट्या बाईला सहा.
शिवाय लागे एक नागरिक, जामीन राहणारा.
(माझी जामीन ही शाळा.
तिचं पत्र दर तीन वर्षांनी एका कचेरीत जातं
आणि मी नवे पडदे घ्यायचं पुढे ढकलते.)
कंसातलं फळ्यावर लिहीत नाही.

मंगळवारी शाळेच्याच जिममध्ये गावाची सभा.
बास्केटबॉलच्या रिंगखाली हॅलोवेल, हातात हातोडी.
विषय सहावा: बर्फ ढकलणारा ट्रक,
जुन्याचा गिअर अडकतो, नव्याची किंमत ऐकून
मागच्या रांगेत कुणीतरी शीळ घालतं.
जमिनीवर निळी चिकटपट्टी. पलीकडे मतदार,
अलीकडे चार खुर्च्या: मी, वार्ताहर,
गोठ्यावरचा एव्हेलिओ, आणि एव्हेलिओचा कोट.

अथेन्समध्ये दोर असे, ओल्या लाल रंगात भिजवलेला.
बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना
सभेकडे हाकत आणायचे त्याने;
कपड्याला डाग दिसला, की दंड.
आमची पट्टी कोरडी आहे.

हात वर करते.
"मतदार नसलेल्या बाईंना बोलू द्यावं?" हॅलोवेल विचारतो.
हो, असा एक मोठा, गुरांसारखा ऊबदार आवाज.
"विरुद्ध?"
एक खोकला. तो मत होता की खोकला, कळत नाही.
दोन मिनिटं मिळतात. सांगते:
टेकडीच्या वळणावर जानेवारीत बस दोनदा घसरली,
आत तेरा मुलं होती, मी त्यांची हजेरी घेते.
चाळीस सेकंद उरलेली तशीच परत केली.

ट्रक मंजूर. एकशे चार विरुद्ध सत्त्याण्णव.
माझ्यामुळे की माझ्याशिवाय, कोण सांगणार.

मग जेवण. अथेनाच्या मिरवणुकीत मेटिक
तबकं घेऊन चालायचे, मधाची पोळी, वड्या.
हेही शिकवायचं राहिलं.
मी नारळाच्या वड्यांचा ट्रे उचलते
आणि पट्टी ओलांडते. कुणी अडवत नाही,
उलट रांग बाजूला होते.

रात्री टोपीतले दाणे दोनदा धुते
(तेरा मुलांचे हात, सर्दीचे दिवस),
सोमवारपासून भिजत घालायचे ठरवलेले
आत्ताच गरम पाण्यात टाकते, घाईत. प्रेशर कुकरच्या सहा शिट्ट्या,
गोडा मसाला, दोन आमसुलं.
काळ्यांनी रंग सोडलाय, पांढरे जांभळट,
निवडलेले आणि न निवडलेले एका वाटीत.

तिसऱ्या घासाला दाताखाली कट्टकन.
गणंग. कितीही शिजवा, शिजायचा नाही.
बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवते.
कुठल्या रंगाचा होता, आता ओळखू येत नाही.
घट्ट आहे. अजून एकटाच
ताटात वाजतो.